जुना संगणक घरी आणण्याआधी वजन विचारा

जुन्या संगणकाच्या खरेदीत घासाघीस किमतीवर होते, खर्च मात्र वजनावर ठरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईतल्या एखाद्या भंगारवाल्याकडे पाच-सहा हजारांत ठरलेलं यंत्र घरी उभं राहीपर्यंत त्याच्या चौपट पैसे सहज लागतात. ते वाचवायला गेलं की कुणाची तरी पाठ धरते नाहीतर बोट चेमटतं. बहुतेक वेळा ते बोट आपलं नसतं, हमालाचं असतं. म्हणून पैसे हातावर ठेवण्याआधी यंत्राचं वजन आणि दारापासून दारापर्यंतच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा, या दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

वजन नजरेने कळत नाही, कारण आतले ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी बाहेरून दिसत नाहीत. १९८१चा ऑस्बॉर्न-१ सोबत नेता येणारा संगणक म्हणून विकला गेला, त्याचं वजन ११ किलो आहे. ॲपलचा लिसा २२ किलो. अमेरिकेतल्या ‘निऑश’ या व्यवसाय-सुरक्षा संशोधन संस्थेच्या हिशेबात सगळं अनुकूल असताना एका माणसाने उचलायचा भार २३ किलो धरला आहे. म्हणजे एकट्याची हद्द लिसापाशीच संपते. पुढे डेक कंपनीचा आरएल-०२ डिस्क ड्राइव्ह ३४ किलो, आरके-०५ सुमारे ५० किलो, आयबीएमचा १४०३ लाइन प्रिंटर सव्वातीनशे किलोंच्या पुढे आणि डेकच्याच १९७७च्या व्हॅक्स-११/७८०चं मुख्य कपाट ५०० किलोंच्या आसपास. विकणारा ‘चार माणसांत उचलतं’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. मॉडेल क्रमांक विचारा आणि कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत वजन शोधा. बहुतेक पुस्तिकांच्या स्कॅन प्रती मिळतात.

घरगुती संग्राहकाला सर्वांत जास्त दगा देतो तो काचेच्या नळीचा मॉनिटर. जाड काच पुढे आणि मागे पोकळ डबा, त्यामुळे सगळा भार पडद्याच्या बाजूला असतो. सोनीचा २४ इंची एफडब्ल्यू-९०० तब्बल ४२ किलोंचा आहे. मागून मिठी मारून उचलला की तो पुढे झुकतो आणि माणसालाही ओढतो. पडदा छातीशी घ्यायचा, तळाला हात घालायचे, वीस इंचांपुढे दोन माणसं. नळीची मागची बारीक मान हा सर्वांत नाजूक भाग. धक्का लागून ती फुटली तर हवा आत शिरते आणि नळी कामातून जाते. पुढचा मोठा भाग फुटला तर काचा उडतात. रंगीत नळीत चालू असताना २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही बराच काळ विद्युतभार टिकून राहतो. जुने टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर हा भार जमिनीला जोडून उतरवून देतो. त्याला तीन-चारशे रुपये द्या, पण मागचं झाकण स्वतः उघडू नका.

आता रॅक. सहा फूट उंच लोखंडी सांगाडा आणि त्यात सरकपट्ट्यांवर बसवलेली यंत्रं. डेकच्या पीडीपी-११ची आणि तिच्या पिढीच्या अनेक यंत्रांची रचना अशीच असते. आत काय आहे ते बघावं म्हणून एक खण ओढला, मग दुसरा ओढला, की तोल पुढे जातो आणि अख्खं कपाट समोरच्या माणसावर येतं. तळाशी पुढे काढायचे आधारपाय असतात, ते आधी बाहेर काढा, आणि एका वेळी एकच खण उघडा. हलवताना तर सगळंच रिकामं करायचं. ड्राइव्ह, पॉवर सप्लाय आणि जड कार्डांचा पिंजरा काढून वेगळ्या खोक्यांत ठेवा, प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधा, फोटो काढा. यात एक अख्खा दिवस जातो, पण तीनशे किलोंचं एक ओझं चाळीस-पन्नास किलोंची सहा-सात ओझी होतं, आणि रिकामा सांगाडा चौघे सावकाश नेतात. डिस्क ड्राइव्हच्या हेडला वाहतुकीची खीळ असते. ती न लावता टेम्पोत टाकलेला ड्राइव्ह खड्ड्यांतून येतो तेव्हा हेड आणि तबकडी दोन्ही खराब झालेली असतात.

जिन्यावर भरलेला रॅक कधीच चढवू नका. खालच्या पायरीवरच्या माणसाच्या अंगावर बहुतेक सगळा भार येतो, आणि वरच्याचा हात सुटला तर खालच्याला बाजूला व्हायलाही जागा नसते. हमालांच्या मुकादमाला वजन खरं सांगा. कमी सांगून दोन माणसं वाचवणं हा अन्याय आहे, आणि अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च तुम्हीच उचलायला हवा.

लिफ्टमधली पाटी वाचा. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, म्हणून सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो आणि आठ माणसांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेलं असतं. व्हॅक्सचं कपाट आठ माणसांच्या लिफ्टमध्ये कागदावर बसतं, पण सोबत एकही माणूस बसत नाही, शिवाय छोट्या चाकांमुळे सगळा भार उंबरठ्याच्या पट्टीवर येतो. जमिनीचंही तेच. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरला आहे. एक चौरस मीटरही जागा न घेणारं ५०० किलोंचं कपाट या हिशेबात दुपटीच्या पुढे जातं. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते वरच्या मजल्यावर ठेवू नका. वाड्याच्या किंवा चाळीच्या लाकडी मजल्यावर तर अजिबात नको.

पुण्या-मुंबईत शहरातल्या शहरात होणाऱ्या कामाचा ठोकताळा असा. एक पीसी आणि मॉनिटर असेल तर छोटा हत्ती आणि दोन माणसं, दीड ते अडीच हजार. सुटा केलेला रॅक असेल तर पिकअप, चार माणसं, दोरखंड, गोणपाट आणि जुन्या गाद्या धरून सहा ते नऊ हजार. पाचशे किलोंच्या कपाटाला सहा जणांची सरावलेली टोळी सात-आठ हजार घेते, पॅलेट ट्रॉली दिवसाला हजारभर, लाकडी पॅकिंग तीन ते पाच हजार. फाळका उघडून माल हौद्यात चढवायला हायड्रा क्रेन आणली तर ती तासावर मिळत नाही, किमान अर्ध्या पाळीचे सहा-आठ हजार द्यावे लागतात, आणि दोन्ही टोकांना लागली तर दोनदा. गाडीभाडं धरून बेरीज पंचवीस ते पस्तीस हजारांवर जाते. औद्योगिक वसाहतीतून किंवा गोदामातून उचलणार असाल तर तिथे नोंदणीकृत माथाडी टोळी आहे का ते आधी विचारा. १९६९च्या माथाडी कायद्याखाली मजुरीवर मंडळाची लेव्ही वेगळी पडते. पावसाळ्यात काम टाळा. ओल्या फळीवरून ट्रॉली घसरते, आणि ताडपत्रीखालीही यंत्र दमट होतं.

घरी आलेलं यंत्र लगेच चालू करू नका. ऐंशीच्या दशकातल्या अनेक पॉवर सप्लायमध्ये ‘रिफा’ छापलेले पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला तडे जातात, आतला कागद ओल धरतो, आणि वीज लागताच खोलीभर धूर होतो. बदली एक्स-२ कपॅसिटर वीस-तीस रुपयांना मिळतो. ३८६ आणि ४८६च्या मदरबोर्डवरची निळी बॅटरी बहुधा फुटलेली असते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. ती कापून काढा, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, हातमोजे घालून. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११५ व्होल्टांचं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याने व्होल्ट बदलतात, पण ६० हर्ट्झच्या मोटारीचा वेग ५० हर्ट्झवर कमीच राहतो, त्यासाठी पुली बदलावी लागते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायला आणि १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढायला दोन ते चार हजार धरा. मोठ्या कपाटांना थ्री-फेज लागतं. तो खर्च परवडणार नसेल तर यंत्र फक्त जपायचं, चालवायचं नाही, हे आधीच ठरवा.

कॉलेज किंवा सरकारी कार्यालयाच्या लिलावात माल बहुधा लॉटने विकतात. तुम्हाला एक यंत्र हवं असतं आणि सोबत तीस तुटके मॉनिटर पदरात पडतात. बोली लावण्याआधी इसारा रक्कम, जीएसटी आणि माल उचलायची मुदत वाचा, कारण मुदत चुकली की जागाभाडं सुरू होतं. निर्लेखनाचा कागद आणि पावती जपून ठेवा. परदेशातून वापरलेला संगणक मागवायला आयात परवाना लागतो, त्याची चौकशी जहाजभाड्याच्या आधी करा. नको असलेले मॉनिटर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच द्या, वाहतूक आपल्या खिशातून गेली तरी. रस्त्यावर तांब्याच्या गुंडाळीसाठी नळी फोडणाऱ्याच्या हाती ती गेली तर मागच्या काचेतलं शिसं त्याच्या हातावर आणि आजूबाजूच्या मातीत राहतं.