मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

नमुने घेऊन विलायतेला निघणारा व्यापारी आधी अंतर विचारतो. मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. मोठे जेट विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडते. भागाकार केला तर 8 तास येतात. प्रत्यक्षात जाताना दहाच्या आसपास लागतात, येताना नऊच्या. खरेदीदाराला तारीख देण्यापूर्वी हा फरक समजून घेतला पाहिजे.

7,200 हा आकडा गोल पृथ्वीवरील सर्वात जवळच्या वाटेचा आहे. उर्दू शाळेत आम्ही सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजत असू. ती पट्टी दक्षिण इराण व तुर्कस्तानवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा, तो उत्तरेकडून जातो : बलुचिस्तान, इराण, कॅस्पियनचा दक्षिण भाग, काळा समुद्र, युक्रेन. पण विमानाला दोऱ्याबरहुकूम जाता येत नाही. 24 फेब्रुवारी 2022 रोजी युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले. वळसा पडला की वेळ वाढतो, इंधनही वाढते.

दुसरे कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून, येताना पाठीमागून.

दुबईत विमान बदलणाऱ्यांचे काय? मुंबई-दुबई सुमारे 1,930 आणि दुबई-लंडन 5,500, म्हणजे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच जास्त. मात्र दुबईत तीन-चार तास बसावे लागले तर प्रवास तितका लांबतो. भाडे स्वस्त असेल तर आमच्या मते घाई नसलेल्याने हाच रस्ता धरावा.

आता घड्याळ. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. समजा, हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी 10 वाजता लंडनच्या गिऱ्हाइकाला कापडाचे नमुने दाखवायचे आहेत. तो मौका हुकला तर बहुतेक कचेऱ्या थेट सोमवारी उघडतात, तोवर ऑर्डर दुसऱ्याकडे गेलेली असते. मुंबईहून रात्री 2 ला सुटणारे विमान दहा तासांनी, तिथल्या सकाळी साडेसहाला उतरते. इमिग्रेशन आणि शहरापर्यंतचा रस्ता धरूनही वेळ पुरतो.

या तिकिटावर तारीख शुक्रवारची असते, पण विमानतळावर गुरुवारी रात्री 11 पर्यंत पोहोचायचे असते. मगरिबनंतर आपला जुमा लागतो, विमान कंपनीचा रात्री 12 नंतर. परतीला शनिवारी सकाळी 10 ला लंडन सोडले, तर नऊ तासांनी मुंबईत रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे तारीख रविवारची. घरून गाडी बोलवायची ती त्याच हिशेबाने सांगावी.