सायकॉलॉजी घेऊ का?

बारावीचा निकाल लागला की हल्ली फोनवर एकच प्रश्न: ‘मॅडम, सायकॉलॉजी घेऊ का?’ पाठोपाठ आईचा आवाज: ‘तिला लोकांचं ऐकून घ्यायला फार आवडतं हो!’ आवडत असेल. पण बी.ए. झाल्यावर दाराला पाटी लावता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिथवर नेणाऱ्या अभ्यासक्रमांच्या जागा मोजक्याच. थोडं खोदून विचारलं की बऱ्याच जणींना खरं तर मुलांसाठी काम करायचं असतं. मग मी बालगृहातल्या केस वर्करचं नाव काढते आणि फोन शांत होतो.

समजा, स्टेशनवर एकटा सापडलेला नऊ वर्षांचा मुलगा आहे. बाल कल्याण समिती त्याला बालगृहात ठेवते. आज एक नाव सांगतो, उद्या दुसरं. गाव ठाऊक नाही. घरामागे साखर कारखान्याचा भोंगा वाजतो, एवढंच आठवतं. बोलण्यातला हेल, सणाला घरी काय शिजायचं, शाळेच्या गणवेशाचा रंग यांवरून केस वर्करनं तालुका हुडकायचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सामाजिक चौकशीला १५ दिवस दिलेत. घर सापडलं की पुढचा पेच: पोरगं पळालं कशाला? आईबाप तासभर रडून जे सांगत नाहीत, ते शेजारीण दहा मिनिटांत सांगते. त्याला घरी धाडायचं की नाही हे समिती ठरवते, पण केस वर्करचा अहवाल वाचून. तोवर त्याला कुठल्या इयत्तेत बसवायचं, अंथरूण ओलं करतो म्हणून बाकीची पोरं चिडवतात त्याचं काय करायचं, हेही तिनंच बघायचं. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा, वेगळी फाईल.

‘पण तिथे कसली मुलं असतात!’ तुमच्या मुलांसारखीच असतात. त्यांच्यासाठी मला फोन करणारं कुणी नसतं, इतकंच.

‘पगार किती?’ हा प्रश्न मात्र रास्त. बऱ्याच जागा कंत्राटी, सुरुवात वीस-पंचवीस हजारांच्या आसपास, मानधन रखडतंही. घरावर कर्जाचा हप्ता असेल तर दहादा विचार करा.

वाट सोपी आहे. कुठलीही पदवी, मग एमएसडब्ल्यू. मुंबईत १९३६ पासूनची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, निर्मला निकेतन आहे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. बारावीनंतर थेट बीएसडब्ल्यूही करता येतं. प्रवेशाआधी क्षेत्रकार्याला कुठे पाठवतात, ते जरूर विचारा.

आणि बाबा, मुलाखतीला तिच्या शेजारी बसून तिची उत्तरं तुम्ही देऊ नका. उद्या समितीपुढे एकटीनं उभं राहून ‘या मुलाला घरी पाठवू नका’ हे ती कशी सांगणार?