सूज उतरेपर्यंत

मी राहते बोईसरला आणि काम करते तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. बसकी हनुवटी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मी हनुवटीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलं. त्यातून उमगलेलं थोडं सांगते.

१. हनुवटी दाखवायला गेले, तर आधी दातच पाहिले गेले. मुंबईच्या सर्जननी वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते तपासलं, बाजूने एक्स-रे काढला. खालचा जबडाच मागे असेल, तर इम्प्लांटने तो झाकला जातो, सुधारत नाही. तिथे जबड्याचीच शस्त्रक्रिया लागते. काहींचं हनुवटीचं हाडच कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने बसवतात. माझा जबडा जागेवर निघाला. ‘तुम्हाला याची गरज नाही’ असंही सांगू शकेल, अशा डॉक्टरकडेच जावं असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

२. बसवण्याआधी काढण्याचं विचारून ठेवावं. जंतुसंसर्ग झाला किंवा इम्प्लांट सरकलं, तर ते काढावं लागू शकतं. सिलिकॉनभोवती शरीर पातळ आवरण तयार करतं, पण ते हाडाशी एकजीव होत नाही, म्हणून काढणं त्यातल्या त्यात सोपं. सच्छिद्र पॉलिइथिलीनमध्ये मात्र पेशी शिरतात. ते घट्ट बसतं आणि निघताना त्रास देतं. तंबाखू-मिश्रीची चौकशीही कसून झाली, कारण त्याने जखम भरायला वेळ लागतो.

३. नवा चेहरा दिसण्याआधी एक तिसराच चेहरा भेटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, बरीचशी दोन-तीन आठवड्यांत उतरते, आणि खरा आकार दिसायला काही महिने जातात. हे सगळं मला आधी सांगितलेलं होतं. तरी आरशातली ती फुगलेली, अनोळखी बाई पाहून पोटात गोळा आला. तपासणीसाठी लोकलने जायचं, तर गर्दीत कुणाचं कोपर लागेल या धास्तीने ओढणी हनुवटीपर्यंत घेऊन मी खिडकीशी अंग चोरून बसायचे. ‘अक्कलदाढ काढलीस का गं?’ एका मावशींनी मायेने विचारलं. मी मान हलवली. त्या विरारपर्यंत लवंगेचे उपाय सांगत राहिल्या, आणि मला खरंच बरं वाटलं. सूज असलेल्या माणसाला खुलाशापेक्षा सोबत हवी असते.

४. बधिरपणाची सवय करावी लागते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्याच भागातून जाते. ती दुखावली की काही आठवडे, कधी काही महिने तिथे काही कळत नाही, क्वचित ते कायमचंही राहतं. छेद ओठाच्या आतून होता, म्हणून खाणं म्हणजे कोमट पेज आणि प्रत्येक वेळी गुळण्या. पेज हनुवटीवरून ओघळायची आणि मला पत्ता नसायचा. आई काही न बोलता पदराने पुसायची. तिची हनुवटी मात्र सुरेख आहे.

५. पैशाचं थोडक्यात: केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम सहसा मिळत नाही. अपघात किंवा भाजल्यानंतरची पुनर्रचना वेगळी.

६. पुण्याच्या कावसजीची गोष्ट मी त्या दिवसांत वाचली. टिपूच्या लोकांनी नाक कापलेला, इंग्रज फौजेचा हा गाडीवान. त्याच्या नाकाचं माप मेणाच्या पातळ पत्र्यावर घेतलं, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून तेवढी कातडी वळवून नवं नाक केलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे छापून आलं. भूल नसलेल्या काळात त्याने काय सोसलं असेल! त्याला गेलेलं परत हवं होतं, मला नसलेलं हवं होतं. या फरकाचा मी बराच विचार केला. माझी हौस मला तरीही खोटी वाटली नाही.

७. चेहऱ्यावर बसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं माप पुन्हा पाहावं. सर्जननी परवानगी दिल्यावर कामावर रुजू झाले, नेहमीचा हाफ मास्क चढवला, व्हॉल्व्हवर तळवा ठेवून श्वास सोडला, तर हनुवटीखालून हवा निसटली. आमच्याकडे सॉल्व्हंटच्या वाफा असतात. तिथे एवढीशी फटही चालत नाही. स्टोअरमधून दुसऱ्या मापाचा मास्क येऊन तो नीट बसेपर्यंत सुपरवायझरनी मला कागदपत्रांच्या कामावर ठेवलं.