यंत्राचें ‘हो’ आणि ‘नाहीं’

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आत्याबाई रेशनच्या दुकानीं गेल्या आणि रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. त्यांनीं तीन वेळां यंत्रावर बोट टेकलें. तिन्ही वेळां यंत्रानें नकार दिला. “बाळा, मी आतां मी राहिलें नाहीं का रे?” असें त्यांनीं मला विचारलें. उत्तर देण्यासाठीं त्या यंत्राचा व्यवहार मला नीट समजून घ्यावा लागला. तोच येथें सांगतों.

दुकानांतील यंत्राला आपल्याविषयीं कांहींच ठाऊक नसतें. ओळखीचें दप्तर दूर, आधारच्या मध्यवर्ती भांडारांत असतें. एका यंत्रानें दुसऱ्यास ठरलेल्या शब्दांत प्रश्न विचारावयाचा व ठरलेल्या शब्दांतच उत्तर घ्यावयाचें, या रीतीस एपीआय म्हणतात. आपल्या शाळेच्या कचेरीची खिडकी आठवा. अर्ज आंत द्यावा, कारकुनानें दप्तर पाहून उत्तर द्यावें. दप्तरांत हात घालण्याची मुभा कोणास नाहीं.

आधार क्रमांक प्रथम आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें, २९ सप्टेंबर २०१० रोजीं देण्यांत आले. त्याच्या १२ अंकांपैकीं शेवटचा अंक आधींच्या ११ अंकांवरून गणितानें काढलेला असतो. व्हेरहूफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेली ही युक्ति मोठी चोख आहे: एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन निराळे अंक उलटसुलट झाले, तर चूक लागलीच उघडी पडते.

बोटाचा ठसा सांकेतिक रूपांत कुलूपबंद होऊन निघतो. तो उघडण्याची किल्ली भांडाराकडेच असते. विचारणाऱ्या संस्थेची डिजिटल सही व परवान्याची खूणही सोबत जाते. भांडार ठसा जुळवून पाहतें आणि ‘वाय’ किंवा ‘एन’, म्हणजे हो किंवा नाहीं, एवढेंच कळवितें. नांवपत्ता मागण्याचा ई-केवायसी हा मार्ग निराळा असून त्यास धारकाची संमति लागते.

नकारासोबत एक आंकडाही येतो, आणि खरी मेख तेथेंच आहे. ३०० म्हणजे ठसा जुळला नाहीं. ३३० म्हणजे धारकानेंच आपले ठसे बंद करून ठेविले आहेत. ४०० म्हणजे ओटीपी चुकला. आत्याबाईंचा आंकडा ३०० होता. प्रवरेकांठीं उसाच्या फडांत व कांद्याच्या शेतांत ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या बोटांवर रेषा उरणार किती? यंत्रानें ‘ठसा जुळला नाहीं’ म्हटलें, आणि दुकानदारानें तें ‘धान्य नाहीं’ असें वाचलें. ओळख पटणें ही एक गोष्ट. हक्क असणें ही दुसरी, व तो रेशनकार्डावरून ठरतो. केवळ आधार जुळलें नाहीं म्हणून पात्र कुटुंबास धान्य नाकारूं नये, अशी सूचना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१७ मध्येंच राज्यांस दिली होती.

दुसरा मार्ग ओटीपीचा. परंतु आत्याबाईंचा मोबाईल क्रमांक आधारला जोडलेलाच नव्हता. तो आधार केंद्रांत जाऊन जोडून घेतला. पुढल्या महिन्यांत ओटीपी आला, तेव्हां आत्याबाईंनीं तो साऱ्या रांगेस ऐकूं जाईल असा मोठ्यानें वाचला. घरीं मीं त्यांस पुष्कळ रागें भरलों. त्या मात्र गहूं निवडीत बसल्या होत्या.