आठवणीला भाव किती? : अमेरिकेतील चित्रकार्डांच्या बाजाराचा एक धडा

मालाची किंमत कच्चा माल, मजुरी आणि वाहतूक यांवरून ठरते, असे आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. पण काही माल असा असतो की त्यात कच्चा माल जवळजवळ फुकटचा असतो, मजुरी नगण्य असते, आणि तरीही एका वर्षी तो सोन्याच्या भावाने जातो तर दुसऱ्या वर्षी रद्दीच्या. असा माल नीट अभ्यासला म्हणजे मागणी, पुरवठा आणि माणसाचे मन या तिन्हींचे गणित उमगते. म्हणून या वेळी आम्ही वाचकांपुढे एक दूरचा बाजार ठेवीत आहोत. हा बाजार आहे अमेरिकेत लहानपणी जमवलेल्या आणि आता मोठेपणी पुन्हा विकत घेतल्या जाणाऱ्या सुपरहिरोंच्या चित्रकार्डांचा.

माल कसा असतो?

खेळण्याच्या पत्त्याएवढा जाड कागदाचा तुकडा, एका बाजूला स्पायडर-मॅन किंवा बॅटमॅन यांच्यासारख्या चित्रकथेतील वीराचे चित्र, दुसऱ्या बाजूला त्याची माहिती. १९९० साली इम्पेल या कंपनीने 'मार्व्हल युनिव्हर्स' नावाचा संच काढला. त्यात १६२ साधी कार्डे आणि ५ चमकणारी होलोग्राम कार्डे होती. पाठीमागे प्रत्येक वीराच्या लढायांचा, जय-पराजयाचा हिशोब छापलेला असे. काही कार्डांवर तर जुन्या महागड्या कॉमिक पुस्तकांचीच चित्रे होती. म्हणजे जपून ठेवलेल्या कागदाला पुढे भाव येतो, हा विचार कार्डानेच मुलांच्या मनात पेरला.

माल बंद पाकिटात विकला जाई. एका पाकिटात १२ कार्डे, आणि आत कोणती हे फोडल्याशिवाय कळत नसे. आता हिशोब करून पाहा. एकही कार्ड दोनदा आले नाही तर १४ पाकिटांत संच पुरा व्हावा. पण कार्डे निव्वळ नशिबाने पडत आहेत असे धरले, तर ३६ पाकिटांची पूर्ण पेटी, म्हणजे ४३२ कार्डे घेऊनही साधारण १५० वेगवेगळीच कार्डे हाती लागतात. उरलेल्या डझनभर कार्डांसाठी जवळजवळ तेवढीच आणखी पाकिटे फोडावी लागतात. म्हणून मुले आपसांत अदलाबदल करीत आणि शेवटची कार्डे सुटी विकणाऱ्याकडून घेत. शेवटची चार-दोन नगे सर्वांत महाग पडतात, हे सूत्र संचाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाला लागू आहे.

जपलेल्याला भाव नाही

१९६६ साली टॉप्स कंपनीने बॅटमॅनची कार्डे काढली होती. नॉर्मन सॉन्डर्स या चित्रकाराच्या रंगकामासाठी ती आजही ओळखली जातात. त्या काळच्या मुलांनी ती खेळण्यासाठीच घेतली, रबरबँडने बांधली, खिशात कोंबली, घर आवरताना आईने ती फेकून दिली. म्हणून कोपरे शाबूत असलेली जुनी कार्डे थोडी उरली, आणि त्यांना भाव आला.

१९९० नंतरच्या ग्राहकाने ही गोष्ट ऐकली होती. त्याने कार्डे नऊ खणांच्या प्लॅस्टिक पानांत घातली, पेट्या न फोडता कपाटात ठेवल्या. कंपन्यांनीही मागणी पाहून छपाई वाढवली. परिणाम काय झाला? ज्याने जपले त्याच्याकडे माल होता, पण तोच माल शेजाऱ्याकडेही होता आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडेही. दुर्मिळपणा हा जपण्यातून येत नाही, इतरांनी फेकून देण्यातून येतो. ही एक ओळ समजली असती तर कितीतरी दुकानदारांचे भांडवल वाचले असते.

चढ आणि पड

कंपन्यांची कथाही बोलकी आहे. मार्व्हल ही चित्रकथांची कंपनी १९८९ साली रोनाल्ड पेरेलमन या उद्योगपतीने ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतली. कार्डांचा धंदा तेजीत पाहून मार्व्हलने १९९२ मध्ये फ्लीअर ही कार्ड कंपनी विकत घेतली आणि १९९५ मध्ये स्कायबॉक्स, म्हणजेच नाव बदललेली पूर्वीची इम्पेल. पण फ्लीअरचा मोठा धंदा बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा होता. ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉल खेळाडूंनी संप केला, त्या वर्षीची अंतिम स्पर्धाच रद्द झाली, आणि कार्डे घेणाऱ्यांचे मन उडाले. त्याच सुमारास जमवणाऱ्यांनाही कळून चुकले की माल भरमसाट आहे. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज काढून तेजीच्या टोकावर खरेदी केली की काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. कंपनी पुढे सावरली, पण वर आली ती तिच्या वीरांच्या कथांवर आणि चित्रपटांवर. २००९ साली डिस्नेने ती सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतली.

तीच मुले चाळिशीत

आता खरा प्रश्न. भाव पडलेला हा कागद पुन्हा कोण विकत घेऊ लागले? तीच मुले. १९९० मध्ये जो दहा वर्षांचा होता तो २०२० मध्ये चाळीस वर्षांचा झाला. त्याच्या हाती पगार आला, लहानपणी पुरा न झालेला संच मनात राहिला होता, आणि त्याच वीरांचे चित्रपट गाजत होते. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसले, जुनी कपाटे उघडली गेली आणि सर्व प्रकारच्या कार्डांचे भाव वर गेले. मे २०२१ मध्ये टार्गेट या साखळी दुकानांनी, विस्कॉन्सिन राज्यातील एका दुकानाबाहेर झालेल्या मारामारीनंतर, काही काळ खेळांची आणि पोकेमॉनची कार्डे दुकानात विकणेच थांबवले. पुढे हा जोर ओसरला, आणि टोकाच्या भावाने घेणारे पुन्हा एकदा अडकले.

याच काळातील दुसरी बाजू कारागिरांसाठी महत्त्वाची आहे. १९९२ साली 'मार्व्हल मास्टरपीसेस' हा संच निघाला. त्यातील चित्रे जो जस्को या एकाच चित्रकाराने रंगवली होती. २०१६ साली त्याच नावाच्या नव्या संचासाठी पुन्हा त्यालाच बोलावले गेले. कंपनी बदलली, मालक बदलले, पण ग्राहक चोवीस वर्षांनी त्याच हाताचे काम मागत आला. अफवेची मागणी वर्षभर टिकते, कसबाची पिढीभर.

प्रमाणपत्राचा धंदा

अनोळखी माणसाकडून दूरवरून माल घ्यायचा तर दर्जाची खात्री कोणी द्यावी? १९९१ साली अमेरिकेत पीएसए ही कार्डे तपासणारी संस्था निघाली. चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत, हे पाहून ती १ ते १० असा दर्जा देते आणि कार्ड क्रमांकासह टणक प्लॅस्टिकमध्ये बंद करते. कोणत्या कार्डाला कोणता दर्जा किती वेळा मिळाला, याची मोजणीही ती जाहीर करते. मार्च २०२१ मध्ये तिच्याकडे इतकी कार्डे साठली की बहुतेक सेवा तिला काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

येथेही हिशोब चुकतो. समजा कार्ड २०० रुपयांचे आहे आणि तपासणीचा खर्च १५०० रुपये. दर्जा ९ मिळून भाव १००० झाला, तरी ७०० रुपये तोटाच. दर्जा १० आला तरच फायदा. म्हणून जाणकार आधी भिंगाखाली स्वतः पाहतो, मग खर्च करतो.

फसवणुकीचे मार्गही ठाऊक हवेत. पाकीट फोडून चांगली कार्डे काढून पुन्हा चिकटवतात, झिजलेल्या कडा कापून सरळ करतात. शिवाय ज्या मालात आत काय आहे हे ना विकणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला, तेथे व्यापार कोठे संपतो आणि सट्टा कोठे सुरू होतो, याचा विचार प्रत्येकाने करावा. पुष्कळ जुने जमवणारे म्हणूनच बंद पाकिटांच्या नादी न लागता हवे ते कार्ड सुटेच घेतात. त्यात नशीब नाही, फक्त भाव आणि माल.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, 'पुढे भाव येईल' हे सर्वांनाच माहीत झाले असेल तर तो माल साठवू नये. दुसरी, आठवणीचा ग्राहक वीस-तीस वर्षांनी येतो आणि एका पिढीपुरताच येतो. तोपर्यंत भाडे आणि अडकलेले भांडवल धरून खरी किंमत काढावी. तिसरी, कागद साठवायचा तर कोरड्या, अंधाऱ्या जागी आणि पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकमध्ये ठेवावा. चकचकीत थराची कार्डे दमट जागी एकमेकांना चिकटून वीट होतात. चौथी, मालातील खोट आधी सांगावी. या बाजारातही वर्षानुवर्षे टिकले ते विक्रेते असेच.

ज्याने कार्ड आवडले म्हणून घेतले, त्याचा भाव पडला तरी चित्र त्याच्याजवळ राहिले. ज्याने फक्त भावासाठी घेतले, त्याच्याजवळ भाव पडल्यावर कागद उरला. आपल्या दुकानाच्या माळ्यावर एकदा नजर टाकावी आणि तेथील प्रत्येक पेटीला विचारावे, ही आपण कशासाठी ठेवली आहे?