पेनड्राइव्हला हात लावण्याआधी

छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल यांची जुळणी मी लिनक्सवर करते. मजकूर मेलने येतो, पण फोटो अजूनही पेनड्राइव्हवरच येतात. कोणाचा ड्राइव्ह नवाकोरा, कोणाचा किल्ल्यांच्या जुडग्यात घासून झिजलेला. त्यांच्यासोबत राहून जे पक्कं समजलं, ते इथे लिहिते आहे. कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

१. 'पेनड्राइव्ह दाखवत नाही' ही एक तक्रार नाही.

तिच्या पोटात निदान तीन वेगळे आजार असतात, आणि कोणता ते लिनक्स स्वतःच सांगतं. टर्मिनल उघडून 'सुडो डीमेसेज' कमांड डब्ल्यूच्या पर्यायासह चालू ठेवा आणि मग ड्राइव्ह लावा. पडद्यावर एकही नवी ओळ आली नाही, तर दोष पोर्टचा, केबलचा किंवा ड्राइव्हच्या सोल्डरचा. अशा वेळी कॅबिनेटच्या मागचा पोर्ट वापरून बघा, तो थेट मदरबोर्डवर असतो. पुढचे पोर्ट आतल्या वायरने जोडलेले असतात आणि ती वायर सैल झालेली मी पुष्कळदा पाहिली आहे. ओळी आल्या, कंपनीचं नाव आलं, पण क्षमता शून्य किंवा 'नो मीडियम' असं दिसलं, तर आतल्या कंट्रोलरचा मेमरी चिपशी संपर्क तुटला आहे. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. आणि क्षमता नीट दिसली, तर 'एलएसबीएलके'ला एफचा पर्याय देऊन पार्टिशन, फाइल सिस्टिम आणि यूयूआयडी बघा. बहुतेक वेळा तिथेच कळतं की ड्राइव्ह धड आहे, फक्त माउंट झालेला नाही.

हे दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता 'फॉरमॅट मारून बघू' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण फॉरमॅट मारल्यावर बघायला काही उरत नाही.

२. 'एसडीबी' हे नाव आजच्यापुरतं असतं.

ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने ही नावं मिळतात. सकाळी जो ड्राइव्ह एसडीबी होता, तो दुपारी एसडीसी असू शकतो. आयएसओ फाइल ड्राइव्हवर उतरवायला 'डीडी' वापरता तेव्हा हे फार महत्त्वाचं, कारण डीडी काही विचारत नाही. सांगाल त्या डिस्कवर लिहीत सुटतं. म्हणून एंटर दाबण्याआधी एलएसबीएलकेमध्ये आकार, मॉडेल आणि 'ट्रॅन' हा जोडणीचा रकाना वाचा. तिथे 'यूएसबी' लिहिलेलं असलं पाहिजे. बाकीचे बाहेरचे ड्राइव्ह तेवढ्या वेळापुरते काढून ठेवा.

बॅकअपची डिस्क कायम जोडायची असेल, तर 'एफएसटॅब'मध्ये यूयूआयडीने नोंद करा आणि 'नोफेल' हा पर्याय लिहाच. तो नसला आणि डिस्क जोडलेली नसली, तर कॉम्प्युटर सुरू होताना साधारण दीड मिनिट वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना तो काळा पडदा नको.

३. पट्टी भरली म्हणजे कॉपी झाली असं नाही.

दोन जीबीचे फोटो आठ-दहा सेकंदांत पेनड्राइव्हवर गेलेले दिसतात. यूएसबी २च्या ड्राइव्हला ते शक्यच नाही. यूएसबी २चा वेग कागदावरच सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी, आणि स्वस्त ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग तर आणखी खाली. होतं असं की लिनक्स मजकूर आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून सवडीने ड्राइव्हवर उतरवतं. अजून न उतरलेल्या मजकुराला 'डर्टी' म्हणतात, आणि तो किती शिल्लक आहे ते 'प्रॉक' फोल्डरातल्या 'मेमइन्फो' फाइलमध्ये उघड लिहिलेलं असतं. एकदा मुद्दाम बघा: कॉपीची खिडकी बंद झालेली असते आणि तो आकडा अजून हजारो केबीवर असतो, हळूहळू उतरत असतो.

म्हणून मी आधी 'सिंक' देते. ती कमांड परत आली की मगच 'इजेक्ट'. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवते. अर्धवट उतरलेली पीडीएफ छापखान्यात उघडत नाही, आणि तेव्हा तो माणूस तीस किलोमीटरवर असतो.

सारखं हेच काम असेल, तर कायमचा उपाय आहे. कर्नलच्या सेटिंगमध्ये डर्टी मजकुराची मर्यादा मेमरीच्या टक्क्यांत ठरलेली असते, सहसा २० टक्के. रॅम १६ जीबी असेल तर ही मुभा फार मोठी होते. 'डर्टी बाइट्स' आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' या दोन सेटिंग्जने मी ती काही मेगाबाइटवर आणली आहे. आता कॉपीची पट्टी सावकाश सरकते, पण खरं बोलते.

४. 'ड्राइव्ह बिझी आहे' म्हणत असेल, तर ओढून काढू नका.

कोण वापरतंय ते 'एलएसओएफ' किंवा 'फ्यूजर' सांगतं. बहुधा त्याच फोल्डरात उघडं राहिलेलं टर्मिनल असतं, नाहीतर लिब्रेऑफिसमध्ये उघडी फाइल. 'यूमाउंट'ला एलचा पर्याय देऊन सुटका करून घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने ड्राइव्ह नजरेआड होतो, लिहिणं मात्र आत चालूच असू शकतं.

५. फाइल सिस्टिम निवडायची ती पुढचा माणूस बघून.

फॅट३२ जवळपास सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ टाकताना निम्म्यात 'फाइल टू लार्ज' येतं आणि ड्राइव्हवर जागा तर भरपूर दिसते, ते याच कारणाने. एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये तिचा तपशील खुला केला, त्याच वर्षी ५.४ कर्नलमध्ये ती आली आणि २०२०मध्ये ५.७ कर्नलला तिचा चांगला ड्रायव्हर मिळाला. लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे फिरणाऱ्या ड्राइव्हला मी आता हीच सुचवते. एक्सट४ फक्त आपल्याच लिनक्स यंत्रांमधल्या डिस्कसाठी.

विंडोजवरून आलेली एनटीएफएस हार्डडिस्क कधी कधी फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की बंद केलेला कॉम्प्युटर खरंतर पुरता बंद होत नाही आणि डिस्क अर्धवट अवस्थेत राहते. ती परत विंडोजला लावून, नीट इजेक्ट करून आणणं हाच सरळ मार्ग. 'एनटीएफएसफिक्स' जुजबी दुरुस्ती तेवढी करतं. पूर्ण तपासणी ते करत नाही.

६. मराठीत नाव दिलेल्या फाइली.

या बाबतीत कुठल्याही इंग्रजी पुस्तकात आपल्या कामाचं फारसं लिहिलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. विंडोजवर फाइलच्या नावाला २५५ अक्षरांची मुभा आहे. लिनक्सच्या एक्सट४वर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'कार्यकारिणी' या एका शब्दात अकरा चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. सगळी मिळून ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. संस्थांचे कार्यवाह फाइलला अख्ख्या ठरावाचं नाव देतात. ती पेनड्राइव्हवर सुखाने राहते आणि माझ्या यंत्रावर उतरताना 'फाइल नेम टू लाँग' म्हणून अडते. फाइल बिघडलेली नसते. पेनड्राइव्हवरच नाव लहान करा, मग कॉपी करा.

उलट दिशेने वेगळी गंमत. 'सभा १०:३०' असं नाव एक्सट४ घेते, पण विसर्गासारखा दिसणारा तो इंग्रजी कोलन फॅट आणि एक्सफॅटला चालत नाही. प्रश्नचिन्हही चालत नाही. आणि हाताने माउंट केलेल्या फॅट ड्राइव्हवर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हांची दिसली तर घाबरू नका: 'यूटीएफ८' हा पर्याय देऊन पुन्हा माउंट करा, नावं जागच्या जागी असतात.

७. शॉर्टकटचा व्हायरस.

सायबर कॅफेतून फिरून आलेल्या ड्राइव्हवर मालकाला फक्त शॉर्टकट दिसतात, फोल्डर गायब. विंडोजवर ते लपवलेले असतात. लिनक्स फॅटची ती 'हिडन' खूण जुमानत नाही, त्यामुळे खरे फोल्डर इथे समोर दिसतात, कधी बिननावाच्या एका फोल्डरच्या आत. लोकांचा जीव भांड्यात पडतो. कागदपत्रं आणि फोटो तेवढे उतरवून घ्या, शॉर्टकट आणि ईएक्सई, व्हीबीएस फाइली सोडून द्या, ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करून त्यांचं त्यांना परत द्या. आपल्या यंत्राला काही होत नाही म्हणून तोच ड्राइव्ह तसाच पुढे धाडणं मला मान्य नाही.

८. नवा ड्राइव्ह आधी भरून बघा.

६४ जीबीचा ड्राइव्ह ५९.६ दिसला तर ती फसवणूक नव्हे. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४च्या पटीत. खरी फसवणूक निराळी असते: आत ८ जीबीची चिप आणि कंट्रोलर सांगतो ५१२. आठ जीबीपर्यंत सगळं सुरळीत, त्यानंतर टाकलेलं हरवतं. 'एफ३' नावाच्या पॅकेजमधलं 'एफ३राइट' ड्राइव्ह एकेक जीबीच्या फाइलींनी भरतं आणि 'एफ३रीड' त्या परत वाचून किती खरं, किती खोटं ते सांगतं. वेळ लागतो. तरी नव्या ड्राइव्हवर कोणाचंही काम ठेवण्याआधी मी हे करतेच.

९. आजारी ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही.

एक निवृत्त गुरुजी आले होते. 'ताई, यात आईच्या ओव्या आहेत. दुकानात म्हणाले, फॉरमॅट मारला तर ड्राइव्ह चालेल.' आईच्या शेवटच्या वर्षांत तिच्यासमोर फोन धरून केलेली ती रेकॉर्डिंग होती, दुसरी प्रत कुठेच नाही.

डेस्कटॉपची आपोआप माउंट करायची सोय मी आधी बंद केली आणि मगच ड्राइव्ह लावला. डीमेसेजमध्ये क्षमता बरोबर, पार्टिशन दिसतंय, पण मध्ये मध्ये 'आय-ओ एरर' आणि सेक्टरचे आकडे. अशा वेळी दुरुस्तीची 'एफएससीके' चालवायची नाही, कारण ती लिहिते. आधी पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा घ्यायची. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' आहे. डेबियन आणि उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा ओलांडून पुढे जातं आणि नंतर त्या जागांवर परत येतं. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये ड्राइव्ह तापला, बंद करावा लागला, तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मॅप फाइल न देता ते चालवणं म्हणजे ही सगळी सोय घालवणं.

प्रतिमा मिळाल्यावर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि काम प्रतिमेच्या प्रतीवर केलं. फक्त पार्टिशनचा तक्ता गेलेला असता, तर 'टेस्टडिस्क'ने नावांसकट सगळं परत आलं असतं. इथे फोल्डरांची यादीच खराब भागात होती, म्हणून 'फोटोरेक'. ते यादीकडे बघतच नाही. फाइलची सुरुवात कशी असते यावरून फाइली ओळखतं. साहजिकच नावं आणि तारखा जातात. रेकॉर्डिंगच्या फाइली आल्या, काही मधेच तुटलेल्या. गुरुजी खुर्चीत बसून एकेक ऐकत होते आणि नावं सांगत होते: ही दळणाची, ही बारशाची, ही पंढरीची. मी टाइप करत होते. त्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवूनच ते घरी गेले.

१०. ड्राइव्ह अचानक फक्त वाचण्यापुरता झाला तर.

फॅटवर गडबड दिसली की कर्नल लिहिणं थांबवतं. 'नॉट प्रॉपरली अनमाउंटेड' हा इशारा डीमेसेजमध्ये बऱ्याचदा त्याआधीच येऊन गेलेला असतो. फाइली उतरवून घ्या, अनमाउंट करा आणि मगच एफएससीके चालवा. त्यानंतरही लिहू देत नसेल, तर चिप बहुधा झिजली आहे. ती परत लिहिती करण्याच्या मागे लागू नका. वाचता येतंय तोवर सगळं काढून घ्या आणि ड्राइव्ह टाकून द्या.

११. पेनड्राइव्ह ने-आण करायला आहे, जपून ठेवायला नाही.

फ्लॅश मेमरीत मजकूर विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि वापराविना पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपतो; ड्राइव्ह झिजलेला आणि जागा उष्ण असेल तर लवकर. आपल्याकडे लग्नाचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, घराण्याची वंशावळ कपाटाच्या खणात पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं पडून असतात. वाचकांना विनंती आहे: तो ड्राइव्ह या आठवड्यात बाहेर काढा, लावून बघा, उघडतोय तोवर सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्या, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवा.