शाळकरी वय आणि निकोटीन : पालकांस काय सांगावे?

सातवीतील एखाद्या मुलाच्या दप्तरात पेनासारखी किंवा संगणकास जोडावयाच्या पेनड्राइव्हसारखी वस्तू सापडते. तिला आंब्याचा अथवा पुदिन्याचा गोड वास येतो. आईस ती लेखणी वाटते, वडिलांस मोबाइलचा एखादा भाग वाटतो. खिशात तंबाखूची पुडी सापडली तर घरात सर्वांस कळते. ही वस्तू मात्र डोळ्यांदेखत राहूनही ओळखू येत नाही. तिला ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात. खेड्यातील मूल तालुक्याच्या गावी शिकावयास जाऊ लागले की तिची गाठ पडण्याचा संभव वाढतो. म्हणून प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वीच मुलास व त्याच्या पालकांस तिची माहिती असणे अगत्याचे आहे.

वस्तूची ओळख

ई-सिगारेटमध्ये एक लहान बॅटरी, तापणारी तार व द्रव भरलेली कुपी असते. ओढताच तार तापते आणि द्रवाचे सूक्ष्म तुषार बनून ते फुप्फुसांत जातात. ही 'नुसती पाण्याची वाफ' आहे, हा समज चुकीचा आहे. द्रवात बहुधा निकोटीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व स्वादद्रव्ये असतात. राख पडत नाही, धुराचा उग्र वास येत नाही; त्यामुळे मोठ्या माणसांस संशय येत नाही. लहान भावंडाने हा द्रव प्याल्यास विषबाधा होऊ शकते, हेही पालकांस आवर्जून सांगावे.

निकोटीनचे कार्य

श्वासावाटे घेतलेले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूस पोहोचते व क्षणभर तरतरी आणते. ती ओसरली की मन पुन्हा तेच मागते. मानवी मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. म्हणून कोवळ्या वयात लागलेली सवय मोठेपणी लागलेल्या सवयीहून चिवट ठरते. अवधान, स्मरण व मनाचा तोल यांवर तिचा परिणाम होतो. वर्गात चिडणारे, एका जागी न बसणारे मूल प्रत्येक वेळी खोडकरच असते असे नाही.

घरातील तंबाखू

ई-सिगारेट नवी असली तरी तिच्यातील निकोटीन आपल्या घरास नवे नाही. चुना लावून मळलेली तंबाखू, विडी आणि दातांस लावावयाची मिश्री यांतही तेच असते. २०१६-१७ सालच्या प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक जण तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू धूरविरहित होती. २०१९ सालच्या युवक सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. चाळीस मुलांच्या वर्गात हे प्रमाण तीन-चार मुलांचे होते.

"जा रे, दुकानातून पुडी घेऊन ये," असे वडील सहज म्हणतात. त्या एका वाक्याने ती वस्तू मुलाच्या दृष्टीने मीठ-साखरेच्या पंक्तीस बसते. पुढे त्याच मुलास 'तू हात लावू नकोस' असे सांगितले तर त्यास ते पटत नाही.

कायदा

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात, साठवणुकीस शिक्षा याहून कमी आहे. कायद्याचा हा रोख विकणाऱ्यावर आहे. मुलास पोलिसांचा धाक घालण्यासाठी त्याचा उपयोग करू नये.

मूल सापडल्यास

येथेच शिक्षकाची खरी कसोटी लागते. परिपाठात सर्वांसमोर नाव पुकारले, छडी उगारली, तर सवय सुटत नाही. शाळा मात्र सुटते. म्हणून पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. मुलास एकटे बोलवावे. कोणी दिले, केव्हापासून, दिवसातून किती वेळा, हे शांतपणे विचारावे व त्याचे बोलणे पुरते ऐकावे.

२. गोड वास, कोरडा खोकला, पैशांची वाढती मागणी, वारंवार बाहेर जाणे ही चिन्हे असू शकतात. परंतु एकट्या चिन्हावरून दोष ठेवू नये.

३. पालकांस शाळेत बोलावून चारचौघांत सांगण्यापेक्षा शिक्षकाने स्वतः घरी जावे. बोलण्याचा आरंभ मुलाच्या गुणांपासून करावा. मारहाण करणार नाही, असे वचन प्रथम घ्यावे.

४. सवय सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता व झोपमोड होते. काही आठवड्यांत ती ओसरते. हे घरच्यांस आधी कळले तर ते मुलास 'उद्धट झाला' म्हणणार नाहीत.

५. प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य मार्गदर्शन मिळते. दम लागणे, छातीत दुखणे असे काही असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

वर्गातील पाठ

केवळ उपदेशाने काम होत नाही. गणिताच्या तासास असा हिशेब द्यावा : रोज १० रुपयांची पुडी धरली तर वर्षास ३,६५० रुपये होतात, त्यात किती वह्या येतील? मुलांनी हा हिशेब घरी वाचून दाखवावा. 'नको' म्हणावयाचे कसे, याचा दोन मुलांनी संवाद करावा. मित्राचा आग्रह मोडणे हे शिकावे लागते.

आणि शिक्षकाच्या स्वतःच्या खिशात पुडी असेल, तर हा पाठ तेथूनच सुरू व्हावयास हवा. मुले ऐकतात त्याहून अधिक पाहतात.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री होत असल्यास शाळा व्यवस्थापन समितीने काय करावे?

२. आई स्वतः मिश्री लावते, अशा घरी हा विषय तिचा मान राखून कसा काढावा?

३. मूल सापडले व ते शाळेतच टिकले, असे आपल्या केंद्रातील अनुभव कोणते?